सीडी, लेझर आणि मोजपट्टी : घरी प्रकाशाची तरंगलांबी मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी खरंच तरंगलांबी मोजता येते, की नुसतं इंद्रधनुष्य बघायचं?

मोजता येते. नीट केलं तर एक-दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरसाठी दहा-बारा नॅनोमीटर इकडेतिकडे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हे लक्षात घेतलं तर मोजपट्टी आणि टेपवर मिळणारी ही अचूकता अजिबात कमी नाही.

पण एक अट आहे. इंटरनेटवरचे बहुतेक प्रयोग सीडीवरच्या खाचांमधल्या अंतराचा १६०० नॅनोमीटर हा आकडा कुठून तरी उचलतात, गणित करतात, उत्तर ६५० च्या आसपास आलं की टाळ्या. लेझरच्या स्टिकरवर ६५० किंवा त्याच्या आसपासचा आकडा छापलेलाच असतो. याला मोजणं म्हणत नाहीत, जुळवणं म्हणतात. सीडीवरच्या खाचांमधलं अंतर तुम्हाला कसं कळलं, यावर सगळा प्रयोग उभा आहे. म्हणून या पानावर त्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

सीडीवर रंग का दिसतात?

सीडीवर एकच लांबलचक खाच असते, आतून बाहेर सर्पिलाकार जाणारी. एका वेढ्यापासून शेजारच्या वेढ्याचं अंतर जवळपास दीड मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दोन-तीन पट. प्रत्येक वेढ्यावरून प्रकाश सगळीकडे पसरतो. ठरावीक दिशांना शेजारच्या दोन वेढ्यांवरून आलेल्या प्रकाशाच्या वाटेतला फरक बरोबर एक तरंगलांबी (किंवा दोन, किंवा तीन) भरतो. तिथे सगळे तरंग एकमेकांना जोर देतात आणि ठिपका उजळतो. बाकी दिशांना ते एकमेकांना खोडतात. लाल प्रकाशाची तरंगलांबी मोठी म्हणून तो जास्त वळतो, निळा कमी. लोलकात याच्या उलट होतं, तिथे निळा जास्त वळतो. तोंडी परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

एका तरंगलांबीच्या फरकाने तयार होणारा ठिपका पहिल्या क्रमाचा, दोनच्या फरकाने होणारा दुसऱ्या क्रमाचा. मधला सरळ गेलेला ठिपका शून्य क्रमाचा.

सामान काय लागेल?

जुनी सीडी, लाल लेझर पॉइंटर, चिकटपट्टी, कात्री, पुठ्ठा, टेप आणि भिंतीवर चिकटवायला मोठा कागद. लेझर आणि सीडी जागेवर धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे आणि दोन-चार जाड पुस्तकं पुरतात. हातात धरून करू नका. लेझरचं बटण दाबून ठेवण्यासाठी त्यावरच चिमटा लावता येतो.

सीडी कोणती घ्यावी?

शक्यतो कोरी, लिहिता येणारी सीडी. तिच्यावर सलग खाच असते. गाण्यांच्या किंवा सॉफ्टवेअरच्या छापील सीडीवर खाचेऐवजी खड्ड्यांची रांग असते. तीही चालते, फक्त ठिपक्यांभोवती धूसर प्रकाश जास्त पसरतो.

आता महत्त्वाचं. सीडीवर काय छापलंय ते वाचा. ६५० एमबी किंवा ७४ मिनिटं असेल तर खाचांमधलं अंतर १६०० नॅनोमीटरच्या आसपास असतं. ७०० एमबी किंवा ८० मिनिटं असेल तर १५०० च्या आसपास, कारण जास्त मजकूर बसवायला वेढे जवळ आणावे लागले. दुकानांत गेली कित्येक वर्षं मिळत आलेल्या कोऱ्या सीडी या दुसऱ्या जातीच्या. पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर मात्र १६०० च छापलं जातं.

डीव्हीडीत हे अंतर ७४० नॅनोमीटर असतं. ब्लू-रे डिस्कमध्ये ३२०. म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी, त्यामुळे सरळ समोरून प्रकाश टाकला तर पहिल्या क्रमाचा ठिपकाच बनत नाही. ब्लू-रे या कामाला बाद.

आणि एक सांगून ठेवतो. घरातल्या लग्नाच्या सीडीची दुसरी प्रत आहे ना, ते विचारल्याशिवाय तिला कात्री लावू नका.

चंदेरी थर कसा काढायचा?

सीडीत हा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. त्या बाजूला ब्लेडने एक ओरखडा काढा, रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. थर पट्टीबरोबर निघतो, खाली पारदर्शक प्लास्टिक उरतं. खाचा त्या प्लास्टिकमध्येच असतात, त्यामुळे त्या शाबूत राहतात. लिहिता येणाऱ्या सीडीवर हिरवट-निळसर रंगाचा लेप उरतो. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसा. अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रव, वापरू नका. त्याने प्लास्टिक पांढरं पडतं.

डीव्हीडीचं वेगळं. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनलेली असते. तुकडा कापून कडेत ब्लेड सरकवलं की दोन फाका होतात.

थर काढायचा कंटाळा असेल तर सीडीवरून परावर्तित झालेले ठिपकेही मोजता येतात. गणित तेच. लेझर पुठ्ठ्याच्या भोकातून पाठवा आणि शून्य क्रमाचा ठिपका त्याच भोकात परत येईपर्यंत सीडी फिरवा. ठिपके पुठ्ठ्यावरच उमटतील.

मांडणी कशी करायची?

लेझर, त्यापुढे सीडीचा तुकडा, त्यापुढे मीटरभरावर भिंत. लेझर भिंतीला काटकोनात असावा, सीडीचा तुकडाही. तुकडा असा धरा की लेझर जिथे पडतो तिथल्या खाचा उभ्या असतील, म्हणजे ठिपके आडव्या रेषेत पडतात. खाचा गोल असल्या तरी किरण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो. सीडीच्या बाहेरच्या कडेजवळ तेवढ्या जागेत त्या सरळच धरता येतात.

भिंतीवर मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका दिसेल. जागा असली तर त्यापलीकडे दुसऱ्या क्रमाचेही दिसतील. प्रत्येकाच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करा, लेझर बंद करा आणि मग मोजा.

लेझर धोकादायक आहे का?

आहे. पेनासारखा दिसतो म्हणून त्याला खेळणं समजू नका. किरण डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका. ना उभ्या माणसाच्या, ना जमिनीवर बसलेल्या पोराच्या. घड्याळ, स्टीलची भांडी, आरसा वाटेत नकोत. सीडीवरून मागे उडणारे ठिपकेही लक्षात ठेवा, मागे पुठ्ठा उभा करा. स्वस्त हिरवे लेझर छापलेल्यापेक्षा बरेच जास्त शक्तीचे निघू शकतात. शिवाय त्यांच्यापैकी अनेकांत आधी अदृश्य अवरक्त प्रकाश तयार होऊन त्यातून हिरवा बनतो आणि गाळणी नीट नसेल तर तो अवरक्त प्रकाशही बाहेर येतो. डोळा मिटण्याची प्रतिक्रिया त्याच्यापुढे काही कामाची नाही, कारण तो दिसतच नाही. मुलांबरोबर करायचं असेल तर एक मिलिवॉटच्या आतला लाल लेझर घ्या.

हिशेब कसा मांडायचा?

सीडीपासून भिंतीपर्यंतचं सरळ अंतर मोजा. मधल्या ठिपक्यापासून बाजूच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजा. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण होतो. त्याचा कर्ण म्हणजे सीडीपासून बाजूच्या ठिपक्यापर्यंतचं तिरकं अंतर. मग :

तरंगलांबी = खाचांमधलं अंतर × (बाजूचं अंतर ÷ कर्ण) ÷ क्रम

समजा ८० मिनिटांची सीडी आहे, भिंत १०० सेंटिमीटरवर आहे आणि पहिल्या क्रमाचा ठिपका ४८.१ सेंटिमीटरवर पडला. कर्ण येतो १११ सेंटिमीटर. ४८.१ भागिले १११ म्हणजे ०.४३३. त्याला १५०० ने गुणा : ६५० नॅनोमीटर. साइनचं कोष्टक किंवा कोनमापक लागतच नाही. पायथागोरसही नको असेल तर कर्ण सरळ टेपने मोजा.

मी बारावीचं सूत्र वापरलं, ७२१ आलं. सीडी खराब आहे का?

सीडी ठीक आहे, सूत्र चुकीच्या जागी वापरलंय. यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात आपण बाजूच्या अंतराला पडद्याच्या सरळ अंतराने भागतो. तिथे कोन अर्ध्या अंशाहूनही लहान असतो, त्यामुळे कर्ण आणि सरळ अंतर यांत फरक पडत नाही. सीडीत लाल प्रकाश जवळजवळ २६ अंशांनी वळतो. तिथे १११ ऐवजी १०० ने भागलं तर उत्तर अकरा टक्क्यांनी फुगतं. या प्रयोगातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. परीक्षेसाठी पाठ केलेली सूत्रं कुठल्या अटीवर खरी असतात ते कुणी सांगत नाही, त्याचा हा परिणाम.

माझं उत्तर ६९३ येतंय. आता?

सीडीवर बघा, ८० मिनिटं लिहिलेलं असणार आणि तुम्ही १६०० धरलं असणार. वरच्याच मोजमापात १५०० ऐवजी १६०० घातलं की ६९३ मिळतात.

डावा आणि उजवा ठिपका सारख्या अंतरावर का पडत नाहीत?

सीडी किंवा भिंत लेझरला काटकोनात नाही. तुकडा थोडा फिरवून दोन्ही अंतरं जुळवा. सेंटिमीटरभराचा फरक राहिला तरी चालेल. दोन्ही बाजूंची तरंगलांबी वेगवेगळी काढून सरासरी घ्या, बराचसा दोष त्यातच खोडला जातो. एकाच बाजूचा ठिपका मोजणाऱ्यांना हा दोष आहे हेच कधी कळत नाही.

खाचांमधलं अंतर छापील आकड्यावर विसंबून न राहता कसं काढायचं?

सीडीच्या मानकातच या अंतराला शंभर नॅनोमीटर कमी-जास्त अशी सूट आहे, म्हणजे सहा टक्के. तुम्ही टेपने कितीही जपून मोजलंत तरी ही चूक उत्तरात तशीच उतरते. सूक्ष्मदर्शकाशिवाय तीन वाटा आहेत.

पहिली वाट : स्टीलची पट्टी. १९६५ मध्ये आर्थर शॉलो यांनी साध्या पोलादी मोजपट्टीने लेझरची तरंगलांबी मोजून दाखवली. (लेझरचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. १९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.) पट्टीवरच्या एक मिलिमीटरच्या रेघा तरंगलांबीच्या दीड हजार पट दूर असतात, पण लेझर पट्टीला जवळजवळ घासून गेला तर त्याच्या नजरेतून त्या रेघा दाटीवाटीने येतात. रेघा खोदलेल्या हव्यात, नुसत्या छापलेल्या नकोत. प्लास्टिकची पट्टी उपयोगाची नाही.

पट्टी टेबलावर सपाट ठेवा आणि किरण तिच्या रेघांच्या कडेवरून, जिथे मिलिमीटरची प्रत्येक रेघ पोचते तिथून, अगदी तिरका टाका. तीन मीटरवरच्या भिंतीवर एकावर एक ठिपके उमटतील. पट्टी बाजूला सरकवली की मूळ किरण जिथे पडतो तिथे खूण करा. पट्टीवरून साधा परावर्तित होणारा ठिपका हा सगळ्यात ठळक. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये पट्टीची पातळी येते, आणि सगळ्या उंच्या तिथून मोजायच्या.

समजा परावर्तित ठिपका ६ सेंटिमीटरवर आहे आणि त्याच्या वरचे १२.४, १६.४ आणि १९.७ वर. आता उंचीचे वर्ग करा : ३६, १५४, २६९, ३८८. शेजारच्या वर्गांतला फरक जवळजवळ स्थिर, सरासरी ११७. या प्रयोगातली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. ठिपक्यांमधली अंतरं सारखी नसतात, वर्गांमधली असतात. फरक स्थिर आला नाही तर पट्टीची पातळी चुकली आहे असं समजा. मग :

तरंगलांबी = वर्गांतला फरक × रेघांमधलं अंतर ÷ (२ × भिंतीच्या अंतराचा वर्ग)

११७ × ०.१ ÷ (२ × ३०० × ३००) म्हणजे ०.००००६५ सेंटिमीटर, अर्थात ६५० नॅनोमीटर. किरण पट्टीवर दहाएक सेंटिमीटर पसरतो, म्हणून भिंतीचं अंतर त्या पसरलेल्या डागाच्या मध्यापासून घ्या. या अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे त्यातली एक टक्का चूक उत्तरात दोन टक्के होते. खोली मोठी असेल तर तिचा फायदा घ्या.

हा लेझर आता मोजलेला झाला. तोच सीडीतून पाठवा आणि त्याच्या ठिपक्यावरून खाचांमधलं अंतर काढा. पट्टीवरच्या मिलिमीटरपासून लेझर, लेझरपासून सीडी, सीडीपासून घरातले दिवे. छापील आकडा कुठेच आला नाही.

दुसरी वाट : मोबाइलचा बंद पडदा. पडद्यावरचे पिक्सेल ही आडवी-उभी जाळीच. पडद्याची रुंदी मोजपट्टीने मोजा आणि पिक्सेलच्या संख्येने भागा. ६८ मिलिमीटरला १०८० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल ०.०६३ मिलिमीटरचा. त्यावर लाल लेझर टाकला तर तीन मीटरवरच्या भिंतीवर तीन-तीन सेंटिमीटरवर ठिपके मिळतात. दहा ठिपक्यांचं अंतर एकदम मोजा. किरण थोडा तिरकाच टाकावा लागतो, म्हणून तिरप्या दिशेला काटकोनात असलेली ठिपक्यांची रांग वापरा, तिच्यात तिरपेपणाची चूक शिरत नाही. जुना एलसीडी पडदा असेल तर उत्तम. नव्या ओएलईडी पडद्यांत लाल आणि निळे बिंदू पिक्सेलमागे एक नसतात, त्यामुळे जाळीची पुनरावृत्ती पिक्सेलच्या अंतराशी जुळेलच असं नाही. आणि हो, कॅमेऱ्याच्या भिंगावर लेझर जाऊ देऊ नका.

तिसरी वाट : ज्याची तरंगलांबी निसर्गानेच ठरवली आहे असा प्रकाश. सीएफएल किंवा ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, आणि पाऱ्याच्या रेषा जगात कुठेही त्याच असतात : जांभळी ४०४.७, निळी ४३५.८, हिरवी ५४६.१, आणि पिवळ्यांची जोडी ५७७.० व ५७९.१ नॅनोमीटर. सीएफएलच्या लेपातल्या टर्बियमचा हिरवा प्रकाश ५४६ च्या अगदी शेजारी पडतो आणि गोंधळ करतो. म्हणून निळी ४३५.८ धरणं जास्त सुरक्षित.

लेझर नसेल तर दिव्याची तरंगलांबी कशी मोजू?

पुठ्ठ्यात अरुंद उभी फट करा, मागे दिवा ठेवा आणि फटीच्या रेषेत आडवी मोजपट्टी लावा. मीटरभरावरून, डोळ्याला लावलेल्या पारदर्शक सीडीच्या तुकड्यातून फटीकडे बघा. फटीच्या दोन्ही बाजूंना तिच्याच रंगीत प्रतिमा मोजपट्टीवर तरंगताना दिसतील. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरकवायला सांगा आणि ती निळ्या प्रतिमेवर आली की थांबवा. गणित वरचंच. लेझर नाही, म्हणून शाळेतल्या मुलांसाठी मला हीच पद्धत बरी वाटते.

फट बनवायला दाढीच्या दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवा. कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्याची धार या कामाला फार ओबडधोबड पडते.

कुठल्या दिव्यात काय दिसेल?

साध्या पिवळ्या बल्बमध्ये अखंड पट्टा, रेषा नाहीत. मोजण्यासारखं काही नाही.

पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळा उंचवटा, मग थोडी मंद जागा, मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला प्रकाश. आत निळी एलईडी असते आणि तिच्यावरचा पिवळा लेप उरलेले रंग भरतो. डोळ्याला दोन दिवे सारखेच पांढरे दिसले तरी सीडीतून त्यांची जात लगेच ओळखू येते.

सीएफएलमध्ये पाऱ्याच्या रेषांबरोबर ६११ जवळ युरोपियमची ठळक लाल रेषा असते.

इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमधला किंवा जुन्या स्विचबोर्डावरचा नारिंगी ठिपका बहुतेक वेळा निऑनचा असतो. त्यात पिवळ्यापासून लालपर्यंत रेषांची रांग दिसते. ५८५.२ आणि ६४०.२ या त्यातल्या ओळखायला सोप्या. टेस्टर सॉकेटमध्ये धरून बघू नका, बोर्डावरचा इंडिकेटर बघा.

मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू गेलं की गॅसची ज्योत पिवळी होते, ती सोडियममुळे. मिठाच्या पाण्यात बुडवलेली स्टीलची तार चिमट्याने ज्योतीत धरली तर हाच पिवळा प्रकाश मिळतो, ५८९ नॅनोमीटरचा. रस्त्यावरचे सोडियमचे दिवे आता झपाट्याने जाऊन एलईडी येताहेत. तुमच्या गल्लीत एखादा उरला असेल तर आजच बघून घ्या. पण रस्त्यावरच्या उच्च दाबाच्या दिव्यात ही रेषा रुंद झालेली असते आणि तिच्या मध्यावर काळी पट्टी दिसू शकते. मोजायला मिठाची ज्योत बरी.

सोडियमच्या दोन रेषा वेगळ्या दिसतील का?

५८९.० आणि ५८९.६. सीडीने बहुधा नाही. अडचण खाचांच्या संख्येची नसते, फटीच्या रुंदीची असते. ०.२ मिलिमीटरची फट ३० सेंटिमीटरवरून पाहिली तर सीडीत तिची प्रतिमाच एक नॅनोमीटर रुंद होते, दोन्ही रेषा तिच्यात बुडतात. डीव्हीडीत तीच फट ०.३ नॅनोमीटरपर्यंत उतरते, त्यामुळे शक्यता निर्माण होते. फट आणखी अरुंद करून लांबून बघा. हट्टी माणसाचं काम आहे.

डीव्हीडीत दुसऱ्या क्रमाचे ठिपके का मिळत नाहीत?

वाटेतला फरक खाचांमधल्या अंतरापेक्षा जास्त असू शकत नाही. ७४० मध्ये ६५० एकदाच बसतात. ३७० हून लहान तरंगलांबी असती तर दुसरा क्रम मिळाला असता, पण ती डोळ्याला दिसत नाही. पहिला क्रमसुद्धा लाल लेझरसाठी ६१ अंशांवर जातो, त्यामुळे भिंत ३० सेंटिमीटरवरच ठेवा.

मोबाइलने फोटो काढून मोजता येईल का?

येईल, आणि डोळ्यापेक्षा बरं. काळ्या कागदाच्या बंद खोक्याच्या एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यासमोर डीव्हीडीचा तुकडा. एकाच स्थितीत आधी सीएफएलचा फोटो काढा, मग हव्या त्या दिव्याचा. समजा फोटोत ४३५.८ ची रेषा ८२० व्या पिक्सेलवर आणि ५४६.१ ची १३७२ व्या पिक्सेलवर आली. ५५२ पिक्सेलमध्ये ११०.३ नॅनोमीटर, म्हणजे पिक्सेलमागे ०.२. युरोपियमची लाल रेषा १६९७ च्या जवळपास सापडली तर तुमची पट्टी बरोबर बसली. कॅमेऱ्याचा प्रकाशमान (एक्सपोजर) आपोआप बदलणं बंद करा, नाहीतर ठळक रेषा फुगून पांढऱ्या होतात आणि त्यांचा मध्य हरवतो. फोटोतल्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका, जागा मोजा.

सूर्याकडे बघता येईल का?

थेट कधीच नाही. सीडीतून नाही, खोक्यातून नाही. फट उजळ आकाशाकडे किंवा उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे करा. डीव्हीडी आणि अरुंद फट असेल तर रंगांच्या पट्ट्यात काळ्या बारीक रेषा दिसू लागतात. जर्मनीतल्या योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ पासून नोंदवलेल्या त्या याच. हायड्रोजनच्या ६५६.३ आणि ४८६.१, सोडियमची ५८९, मॅग्नेशियमचा ५१७-५१८ जवळचा गुच्छ, या आधी शोधा. विवर्तन जाळी, म्हणजे सीडीसारखीच समान अंतरांवरच्या रेघांची जाळी, वापरून या रेषांच्या तरंगलांब्या मोजल्याही फ्राउनहोफर यांनीच. १८२१ च्या सुमारास, बारीक तारा शेजारीशेजारी ताणून बनवलेल्या जाळीने.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, तो याच पद्धतीने का?

हा प्रश्न कोकणातल्या वाचकांकडून नेहमी येतो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. फ्रान्सचे जूल जान्सेन गुंटूरला होते, नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणमला, जॉन हर्शेल जमखंडीला. सगळ्यांकडे वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण) होते आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा प्रकाश ते तपासत होते. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तिथे उभे होते असं सांगतात. लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाशिवाय त्या ज्वालांचा वर्णपट त्यांना तिथेच, २० ऑक्टोबर १८६८ ला दिसला. भारतात ते आले १८७१ च्या ग्रहणासाठी, केरळातल्या बेकल किल्ल्यावर.

आपल्या विषयाला धरून असलेली गोष्ट पुढे आहे. ज्वालांच्या प्रकाशातली पिवळी रेषा पहिल्यांदा सोडियमची समजली गेली. ती खरं तर हेलियमची, सोडियमच्या जोडीपासून दीड-दोन नॅनोमीटर बाजूला, ५८७.६ वर. पृथ्वीवर हेलियम सापडला त्यानंतर, १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना. घरच्या सीडीने दहा-बारा नॅनोमीटरची चूक होते, मग असा फरक कसा पकडणार? स्वतंत्रपणे मोजून नाही पकडता येत. दोन रेषा एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारी ठेवल्या तर पकडता येतो. फोटोच्या पद्धतीतही म्हणूनच सीएफएल आणि अनोळखी दिवा एकाच मांडणीत घ्यायचे.

सीडी नव्हत्या तेव्हा लोक काय करत?

१६७३ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरींनी पक्ष्याच्या पिसातून सूर्यप्रकाश जाऊ देऊन रंग पाहिले. १७८५ च्या सुमारास फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन यांना रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघताना रेघा दिसल्या आणि त्यांनी डेव्हिड रिटनहाउस यांना कारण विचारलं. रिटनहाउस यांनी बारीक आट्यांच्या स्क्रूंवर केस ताणून जाळी बनवली. पावसाळ्यात रात्री छत्रीच्या कापडातून दूरच्या दिव्याकडे बघा, हॉपकिन्सन यांना दिसलं तेच दिसेल.

उत्तर कसं लिहावं?

चुकीसकट. भिंतीचं अंतर १०० ± ०.५ आणि बाजूचं ४८.१ ± ०.३ सेंटिमीटर असेल तर त्यामुळे तरंगलांबीत चारएक नॅनोमीटरची अनिश्चितता येते. खाचांचं अंतर दोन टक्क्यांपर्यंतच माहीत असेल तर त्यामुळे तेरा. म्हणजे ६५० ± १४. लेझरच्या स्टिकरवर बऱ्याचदा ‘६३०–६८०’ असं लिहिलेलं असतं, कारण कारखान्यातून निघणाऱ्या डायोडांत तेवढा फरक असतो. शिवाय तापल्यावर तरंगलांबी थोडी सरकते. तेव्हा तुमचं ६४२ आलं तर ते ‘चूक’ म्हणून ६५० कडे ढकलू नका. तुमचा लेझर कदाचित ६४२ चाच असेल. विज्ञान प्रदर्शनातले परीक्षक बरोबर ६५० वर खूश होतात, हे मला माहीत आहे. तरीही.

पाण्यात तरंगलांबी बदलते म्हणतात. तेही मोजता येईल?

येईल, माशांची काचेची रिकामी टाकी असेल तर. सीडीचा तुकडा टाकीच्या आत, लेझरकडच्या काचेला लावून उभा करा, खाचांची बाजू पाण्याकडे ठेवून. समोरच्या काचेवर आतल्या बाजूने पाण्यात टिकेल अशी प्लास्टिकची मोजपट्टी चिकटवा. टाकी २५ सेंटिमीटर रुंद असेल तर कोरड्या टाकीत लाल ठिपका मध्यापासून १२ सेंटिमीटरवर पडतो. पाणी भरल्यावर तो ८.६ वर सरकतो. गणित केलं की ६५० चे ४८८ होतात, आणि त्यांचा भागाकार म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, १.३३. हवेत ४८८ नॅनोमीटरचा प्रकाश निळा दिसतो, पण पाण्यातला ठिपका लालच राहतो, कारण रंग ठरतो वारंवारतेवर आणि ती बदललेली नसते. मोजपट्टी मात्र आतूनच लावा. ठिपके टाकीबाहेर भिंतीवर मोजलेत तर काचेतून बाहेर पडताना प्रकाश पुन्हा वळतो आणि कोन बरोबर हवेतल्याइतकाच भरतो.